नदी जाऊबाईंची

४ मार्च, मंगळवार

आलं एकदाचं! मोठ्या कंपनीचं नवं नियमपुस्तक. उशीएवढं जाड. सकाळपासून डोकं खुपसून बसलेय, दूध उतू गेलं तेही वासाने कळलं.

इतकी वर्षं फाशावर आकडा जितका लहान तितकं भलं. आता उलटं — मोठा आकडा भला! म्हणजे आमच्या सगळ्या पुस्तिका एका दिवसात शिळ्या. हे विचारतात, "त्यांनी नियम बदलले तर तुम्हां दोघींना काय त्याचं?" म्हटलं, अहो, लोक टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात. ती गोष्ट आम्ही दोघी जावा रचतो नि छापतो. पण कोण तरलं, कोण मेलं हे कंपनीच्या नियमांनी ठरतं. शेगडी त्यांची, स्वयंपाक आमचा. नि त्यांनी शेगडीच उलटी करून ठेवली! ह्यांनी मान हलवली. पेपर वाचत होते.

धाकटीला फोन केला. तिचं एकच — "ताई, आधी सगळी गोष्ट नव्या नियमांनी खेळून बघू. मगच छापू." जाऊ म्हणून लाभली खरी, पण गोगलगायीला हिने चालायला शिकवलं असणार.

७ मार्च, शुक्रवार

टोपीवाल्याच्या खेळांच्या दुकानात गेले होते. टोपीवाल्याने जुन्या नियमांची पुस्तकं दाराशी टोपलीत टाकलीत, छत्र्यांच्या शेजारी. त्यात आमची 'धुक्यातला घाट'ही! लेकरू दुसऱ्याच्या ओट्यावर बसवल्यासारखं.

"मावशी, नवं कधी देताय? बावीस तारखेला खेळाचा दिवस आहे. तुमचंच पहिलं मांडतो."

"होईल की!" म्हणून बसले. जिभेला हाड असतं तर बरं.

१२ मार्च, बुधवार

युक्ती सापडली! वीस बाजूंचा फासा. जुना आकडा एकवीसमधून वजा करायचा — झाला नवा. आधी 'पंधरा किंवा खाली' आलं की कुलूप उघडायचं, आता 'सहा किंवा वर'. संधी तेवढीच! शाळा चौथीत सुटली माझी, पण हे कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच काढलं. जेवणाच्या टेबलावर पानं पसरलीत. हे ताट मांडीवर घेऊन जेवतात. "राक्षसांना उठवा की जरा, मला बसू द्या!" म्हणाले.

धाकटी नकाशे देऊन गेली. जाता जाता, "नदीचं पान मात्र मला दाखवा हं, ताई. ते वेगळं आहे." हो म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

छापखान्यात दिलं. नदीचं पान दाखवायचं राहिलं. राहिलं कसलं, दाखवलं नाही. ती म्हणाली असती खेळून बघू, मग संपलंच. आकडे तर आकडेच. त्यात काय वेगळं असणार?

२१ मार्च, शुक्रवार

पुस्तिका आल्या! 'नव्या नियमांसह' — मुखपृष्ठावर केशरी पट्टी. हात फिरवून फिरवून बघितलं.

२२ मार्च, शनिवार

काय लिहू.

पाच जण बसले होते. नर्सबाई, बसचा ड्रायव्हर, दोघी बहिणी, टोपीवाल्याचा भाचा. गोष्ट चालवायला टोपीवाला. धाकटी नि मी मागे खुर्च्या टाकून. नर्सबाई गोष्टीत वैदीण होतात, ती त्यांनी इतकी वर्षं जपलेली, एका डोळ्याची, बडबडी. तिला नव्या नियमांत आणायला आठवडाभर खपल्या म्हणे. मुलीला सासरी धाडताना बॅग भरावी तशी भरली होती बिचारीने.

नदीपर्यंत मजेत. मग धुक्यात होडी उलटते. तिथे नावाडीण हात देते — फाशावर पुरेसं पडलं तर. आणि पडेचना! ड्रायव्हर बुडाला. बहिणी बुडाल्या. नर्सबाईंना अकरा पडले. टोपीवाल्याने पान बघितलं, परत बघितलं, म्हणाला, "सोळा पाहिजेत." वैदीण गेली. भाचा एकटा काठावर — कुणाला सांगणार, काय करणार!

कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी वैदिणीचा कागद घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

मला तेव्हाच लख्ख आठवलं. नदी धाकटीने लिहिलेली. जुन्या नियमांतसुद्धा तिने तेवढी एकच जागा उलटी ठेवली होती — 'पाच किंवा वर'. "दया वरच्या आकड्यावरच शोभते, ताई," म्हणाली होती. म्हणजे ते पान मुळातच नव्या नियमांना जुळत होतं. हातही लावायला नको होता! मी पाचाचे सोळा केले. जी बाई जवळजवळ सगळ्यांना वाचवायची, तिने एक सोडून सगळ्यांना बुडू दिलं.

टोपीवाल्याने विचारलं, "ही नदी कुणी लिहिलीय?"

मी म्हणाले, "नदी जाऊबाईंची."

खोटं एक अक्षर नाही त्यात. तेच तर.

धाकटीने माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग उठून म्हणाली, "चला ताई, पिशवी द्या इकडे. जड आहे." पुस्तिकांची पिशवी घरापर्यंत तिनेच आणली.

२३ मार्च, रविवार

जेवण जात नाही. हे म्हणतात पित्त.

२५ मार्च, मंगळवार

भाऊजी आले होते चक्की दुरुस्त करायला. "वहिनी, हिने नर्सबाईंना फोन करून माफी मागितली. अर्धा तास बोलत होती. नक्की काय झालं तिथे?"

"काही नाही हो, आकड्यांचा घोळ." माझ्याच तोंडाने! कोंबडं झाकून ठेवते मी, नि ते माझ्या छातीत आरवतंय.

तिच्या घरी तिच्या अक्षरातलं मूळ पान आहे. पाच लिहिलेलं. तिला कळणार नाही असं कसं होईल? कळलंय. तरी माफी तिनेच मागितली.

२६ मार्च, बुधवार

तिच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवली. "सहज आले गं, कोथिंबीर जास्त झाली होती." जुडी देऊन परत.

२९ मार्च, शनिवार

टोपीवाला म्हणाला, "मावशी, राग मानू नका, जाऊबाईंना नकाशेच काढू द्या. आकड्यांच्या वाटेला नको." आणि मी हसले. हसले! त्या दिवशी निदान घाबरून बोलले होते. आज कशाने?

आरशात बघून वेणी घालवेना. तशीच गुंडाळली.

१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं! दुकानात, सगळे जमलेले असताना. उभी राहून. "एकवीसमधून वजा मी केले. तिच्या नदीला हात मी लावला. दाखवा म्हणाली होती, दाखवलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा तिचं नाव पुढे केलं."

ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे मावशी, आम्हाला तुम्ही बुडवलंत तर! तरीच म्हटलं, एवढी पट्टीची पोहणारी माणसं आम्ही." सगळे हसले. नर्सबाईही. त्यांना म्हटलं, नदी परत खेळा, आकडा पाच धरा. त्या म्हणाल्या, "बघू." टोपीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं — "जाऊबाईंना मी काय काय बोललो!"

पिसासारखी हलकी झाले. तशीच धाकटीकडे, जवळजवळ पळत. ती मोरीत कुंचले धूत होती. सगळं सांगितलं — कोण काय म्हणालं, ड्रायव्हर कसा हसला. ती पाठमोरी ऐकत होती.

"तिथे सांगितलंत. बरं केलंत."

मग नळ बंद केला.

"मला कधी सांगणार होतात?"

"अगं, तुला तर ठाऊकच होतं!"

"हो. म्हणून तर वाट बघत होते."

बाहेर पडले तेव्हा मघाची मी कुठे गेली कोण जाणे. टाळ्या घ्यायला गेले होते की काय तिच्याकडे? जिचं चोरलं तिला सोडून सगळ्या गावाला चोरी कबूल करून आले, नि वर शाबासकी हवी होती!

३ एप्रिल, गुरुवार

आज गेले. कोथिंबीर नाही, काही नाही. बसले नि म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्याशी." तिने हात हातात घेतला. दोघी रडलो. वाटलं, मिटलं.

५ एप्रिल, शनिवार

धाकटी आली होती. शांत होती. जुन्या नियमांनी खेळणारे अजून पुष्कळ आहेत, त्यांना नवं कुणी देत नाही, तर आता त्यांच्यासाठी लिहीन म्हणाली. एकटी.

म्हटलं, "आणि आपली ही पुस्तिका?"

"ती तुमची, ताई. नदीसकट."