चंदनाचं शास्त्रदान

खासबाग, बेळगाव
९ ऑगस्ट २०२५

प्रिय चंदना हिस,
मंगलचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

हातात फोन असताना मंगलला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. अगं, गेले काही दिवस फोन वाजला की मी उचलू की नको करते. नंबर अनोळखी असतो. पलीकडचा माणूस गोड आवाजात विचारतो की आत्याबाई, भाचा सध्या कुठं असतो. शिवी दिली असती तरी परवडलं असतं, त्या गोडव्याचीच भीती वाटते. म्हणून फोनवर सूरजचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय. तूही काढू नकोस.

आमच्या भरमूदादाचा सूरज तुमच्या बाजूला नदीकाठच्या शाळेत मास्तर आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्याचं ‘नदीचं पोट’ मी उन्हाळ्यात छापलं. आमच्या वाचनमंडळाच्या बायकांनी छापण्याआधीच आपापल्या प्रती नोंदवल्या, म्हणून तर ते छापता आलं. विक्रीतून उरेल ते नदीसाठी कोर्टात भांडणाऱ्या गावकऱ्यांना द्यायचं, असं आमचं ठरलं होतं. पोरानं रात्री वाळू उपसणाऱ्या ट्रकांचे फोटो छापलेत, कोणाच्या विहिरी आटल्या ते नावानिशी लिहिलंय. मला वाटलं होतं, मराठी पुस्तक, वाचणार कोण? पण ज्यांनी वाचू नये त्यांनी आधी वाचलं.

गेल्या आठवड्यात शाळेतून येताना एका रिकाम्या ट्रकनं त्याच्या गाडीला मागून धडक दिली. उसात पडला म्हणून वाचला. कोपर सोललंय. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी लिहून घेतली. आणि खडेबाजारातल्या ज्या दोन दुकानांनी पुस्तक हौसेनं मांडलं होतं, त्यांनी गठ्ठे परत पाठवले. कारण विचारलं तर जागा नाही म्हणाले. माझ्याशी बोलताना नजर खाली होती.

चंदना, तो राहतो ती खोली त्या लोकांना माहीत आहे. थोडे दिवस तुझ्या माडीवर ठेवून घेशील का? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. हे मात्र खोटं आहे, थोडी रागावेन.

जपून राहा, आणि जीव लावतेस तसाच लावत जा.
तुझी,
मंगल


निपाणी
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय मंगल,
सप्रेम जयजिनेंद्र, वि. वि.

तुझा भाचा सुखरूप पोचला आणि उपाशी आहे. आमच्यात चातुर्मासात दिवस मावळायच्या आत जेवणं आटपतात, हे त्याला सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी आठ वाजता भाकरीच्या आशेनं खाली आला, भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडं बघितलं आणि गुमान परत वर गेला. आता पाचलाच पाट मांडून बसतो. कांद्याची आठवण येत असणार, पण नाव घेत नाही. गुणी आहे.

आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, आपलंच पोरगं हाय, राहू दे की. दुसऱ्या दिवशी फाटकाला नवं कुलूप घेऊन आले. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यावर बुलेट फडफडली की पेपर खाली ठेवतात. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला, कधी कुणाला भ्यायले नाहीत. त्यांना असं बघून मलाही धडकी भरते. रात्री मी दोनदा उठून कडी बघते.

तुझे गठ्ठे परत आले हे वाचून मात्र भीतीपेक्षा राग जास्त आला. यंदा माझं अनंतव्रत पुरं होतंय, चौदावं वर्ष. उद्यापनाला आम्ही शास्त्रदान करतो, तुला ठाऊक आहे. बस्तीत जिनदर्शनाला येणाऱ्या प्रत्येक घराला एक ग्रंथ द्यायचा. लोक तीच तीच स्तोत्रं वाटतात. एका स्तोत्राच्या माझ्याच कपाटात चार प्रती आहेत, चारीही न उघडलेल्या. मी यंदा ‘नदीचं पोट’ वाटणार.

पंडितजी म्हणाले, याला शास्त्र कसं म्हणायचं? तर आमच्या बस्तीतल्या अक्काताई, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनाच विचारू लागल्या की आपण पाणी गाळून पितो ते कशाला? पाण्यातल्या जीवाला राखा म्हणून सांगणारं पुस्तक शास्त्र न्हाय तर काय पंचांग हाय व्हय? पंडितजींनी मान डोलावली. तेव्हा दोनशे प्रती पाठव, आणि फुकट पाठवशील तर खबरदार. दान माझं आहे, तुझं नव्हे.

घाबरतेस तेवढी घाबर, पण जेवत जा.
तुझीच,
चंदना


खासबाग, बेळगाव
२० ऑगस्ट २०२५

प्रिय चंदना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले आणि मग तुला नाही म्हणायचं ठरवलं. तीन दिवस नाहीवर ठाम होते. काल कडोलीहून भरमूदादा आला. पोराच्या जिवापेक्षा तुझं पुस्तक मोठं हाय काय गं, म्हणून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडला, आणि मग माझ्याच पायरीवर बसून डोळे पुसू लागला. मला मूलबाळ नाही. मी छापलेली पुस्तकं हीच माझी पोरं, असं मी मिरवत आले. पण पोर उसात पडल्यावर कळलं की पुस्तक ते पुस्तक आणि पोर ते पोर.

तरी गठ्ठे बसनं पाठवतेय. खोलीत पडून ते माझ्याकडं बघत बसतात, ते सोसत नाही. अट एकच. सूरज तुझ्याकडं आहे हे कुणाला कळता कामा नये, आणि या वाटपात तुझं घर पुढं येता कामा नये. वाटायचं ते बस्तीत वाट. तिथून सरळ घरी जा.

आपली माया आहे तशीच राहो, एवढंच मागणं.
तुझी,
मंगल


निपाणी
२ सप्टेंबर २०२५

प्रिय मंगल,
जयजिनेंद्र.

वि. वि. लिहायलाही हात धजत नाही. माझ्या हातून भलतंच घडलंय. ऐकून घे आणि मग वाटेल ते बोल.

शास्त्रदानाच्या ग्रंथात पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवतात. कुणाच्या व्रताचं उद्यापन, दान देणाऱ्याचं नाव, आणि खाली प्राप्तिस्थान, म्हणजे आणखी कुणाला ग्रंथ हवा असेल तर कुठं मिळेल तो पत्ता. सासूबाईंच्या उद्यापनातली जुनी चिठ्ठी माझ्याकडं होती. तीच छापखान्यात दिली आणि नाव तेवढं बदला म्हणून सांगितलं. त्यांनी नाव तेवढंच बदललं. चिठ्ठ्या मी माझ्या हातानं चिकटवल्या, एकेक, खळ लावून, णमोकार मंत्र म्हणत. एकदाही खाली वाचलं नाही. प्राप्तिस्थान म्हणून आमच्या घराचा पत्ता आहे, मंगल. दारावरच्या नावासकट, गल्लीसकट.

पर्युषण सुरू झालं तसं वाटप सुरू झालं. परवा सूरजच हातात प्रत घेऊन खाली आला आणि काही न बोलता ते पान माझ्यापुढं धरलं. उरलेल्या प्रतींतल्या चिठ्ठ्या मी तिथंच खरवडून काढल्या. तोवर निम्म्या प्रती गेल्या होत्या. परत कशा मागू? दिलेलं दान मागं घेत नाहीत.

पुस्तकं हातोहात फिरली. आमच्या बायका वाचतील म्हणून मला वाटलं नव्हतं, पण वाचतायत, दुपारी पायरीवर बसून एकमेकींना वाचून दाखवतायत. आणि काल औषधाच्या दुकानात लाल बुलेटवाला एकजण आमचं घर विचारत होता. पुस्तक कुठं मिळतंय म्हणाला म्हणे. हे तेव्हापासून जेवलेले नाहीत. माझा तर उपासच चालू आहे, म्हणून कुणाला कळत नाही की मलाही घास उतरला नसता.

काय करू ते लगेच कळव.
तुझी अपराधी,
चंदना


खासबाग, बेळगाव
४ सप्टेंबर २०२५

चंदना,

नमस्कार. हे पत्र निपाणीला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडं देतेय. सूरजला ताबडतोब इकडं पाठव. बसस्टँडवर नको, तुमच्या गाडीनं पाठव.

पुस्तक मी बंद करतेय. उरलेले गठ्ठे सोमवारी रद्दीवाला नेणार आहे. वाचनमंडळाच्या बायकांना सांगून टाकलं की पुन्हा छापणार नाही. एकीनं माझा हात धरला, तेवढंच. मी पुस्तकं विकून जगले, चंदना, आता पुस्तक मोडून पोराला जगवीन. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तुझी चूक नाही. तुझ्या दारात हे संकट मी आणलं.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच ही आज्ञा समज.
मंगल


निपाणी
९ सप्टेंबर २०२५

प्रिय मंगल,
उत्तम क्षमा. पर्युषण संपल्यावर आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा पहिली तुझी मागते, कारण तुझी आज्ञा मोडली.

सूरज यायला तयार होईना. मी पळालो तर पत्ता तुमचा आहे, मावशी, ते तुमच्याकडं येणार, असं म्हणाला. यांनी गाडी काढली, पुन्हा आत लावली. असे दोन दिवस गेले आणि पारण्याचा दिवस उजाडला. मला उपास सोडवायला बस्तीतल्या बायका सकाळीच घरी आल्या होत्या. पुढचा सोपा भरला, स्वयंपाकघर भरलं, काहीजणी अंगणात होत्या. मुगाचं पाणी पुढं आलं. मी वाटी तोंडाला लावणार, तोच बाहेर बुलेट थांबली. मागून जीप.

तिघे आत आले. लाल बुलेटवाला पुढं. त्यानं हात जोडले आणि इथं पुस्तक मिळतंय न्हवं का, असं विचारलं. मी एक प्रत दिली. त्यानं ती उलटसुलट केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, गुरुजी हितंच असत्यात काय? तू लिहिला होतास तोच गोडवा, मी ओळखला.

हे माझ्या मागं होते. हे नाही म्हणणार, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. पण मंगल, चौदा वर्षांचं व्रत, उपास अजून सुटलेला नाही, तोंडात खोटं येईना. धीट म्हणून नव्हे गं. येईनाच. मी म्हटलं, व्हय, वर माडीवर हाईत. चपला काढून जावा.

मला वाटलं, मी तुझ्या पोराला माझ्या तोंडानं मारलं. त्यानं खरंच चपला काढल्या आणि जिन्याकडं निघाला. तेवढ्यात अक्काताई उठल्या. गुडघे धरत धरत गेल्या आणि पहिल्या पायरीवर बसल्या. त्यांच्या वरच्या पायरीवर त्यांची सून बसली. मग एकेक करत बायका उठल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. हातातल्या वाट्या घेऊन जिन्यात बसल्या, खालपासून वरपर्यंत. तो म्हणाला, आजी, सरका की जरा. अक्काताई म्हणाल्या, गुडघं धरल्यात बाबा, आता उठवंना. जायचं असलं तर अंगावरनं जा.

तो उभा राहिला. मग त्यानं चपला घातल्या. पुस्तक घेऊनच गेला. दारातून वळून मला म्हणाला, आक्का, किती दिस बसशीला अशा?

ते गेल्यावर मी दुपारपर्यंत वाटीला हात लावला नाही. यांनी चमच्यानं मुगाचं पाणी पाजलं तेव्हा उपास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी घडलेलं सगळं पोलिसांत लिहून दिलं, खाली पंधरा बायकांच्या सह्या घेऊन. तेव्हापासून रोज चारदोन बायका येतात, जिन्यात बसून तांदूळ निवडतात, एकजण पुस्तक वाचते. ज्यांच्याकडं प्रत नाही त्या मागतात, आणि माझ्याकडं एकही उरलेली नाही.

पण त्याचा प्रश्न खरा आहे, मंगल. सगळ्यांना घरंदारं आहेत, शेती आहे, पुढं दिवाळी आहे. किती दिवस बसतील? रात्री तोच प्रश्न छातीवर येऊन बसतो. मला अजूनही भीती वाटते, पूर्वीपेक्षा जास्त वाटते.

क्षमा केलीस की नाही ते कळव, आणि केली असलीस तर माया कमी करू नकोस.
तुझी,
चंदना


खासबाग, बेळगाव
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय चंदना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी वाचनमंडळात वाचून दाखवलं. निम्मं मी वाचलं, पुढचं दुसरीनं. रद्दीवाला सोमवारी आला होता. त्याला उद्या ये म्हटलं, दुसऱ्या दिवशी परवा ये म्हटलं, आणि काल येऊच नको म्हणून सांगितलं. भरमूदादाला फोन केला, हो, फोनच केला, सूरजचं नाव घेऊन मोठ्यानं बोलले. ऐकायचं त्यांना ऐकू दे. दादानं विचारलं, मी आलो तर चालंल काय, का बायकांनीच बसायचं हाय?

मी येतेय, गठ्ठे घेऊन. भीती गेली म्हणून नव्हे. लिहिताना बघ, अक्षर कसं वाकडं आलंय. पण मी एकटी येणार म्हटल्यावर मंडळातल्या बायका आपापसात बोलू लागल्या, कुणाच्या सुनेला सुट्टी कधी, कुणाच्या नवऱ्याला स्वयंपाक येतो, कुणाला कोणत्या आठवड्यात जमेल. कडोलीच्या बायकांनाही निरोप गेलाय. कांद्याशिवाय जेवायची सगळ्यांची तयारी आहे. माझी तेवढी नाही, पण मी बघून घेईन.

तो किती दिवस बसणार विचारतो ना? तुझ्या जिन्याला पायऱ्या किती आहेत तेवढं कळव. पाळ्या त्याप्रमाणे लावते.

भेटीपर्यंत कडी लावून घे, आणि माझ्यासाठी पहिली पायरी मोकळी ठेव.
तुझी,
मंगल