राहावंच लागलं

प्रिय भिंगरी,

तुझं पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा पाकीट मीच फोडलं. नव्या पुस्तकावर विषयाचा आकडा घालून ते योग्य कपाटात लावायचं, हेच माझं अठ्ठावीस वर्षांचं काम. तुझ्या पुस्तकावर तत्त्वज्ञानाचा आकडा पडायला हवा होता. मी ते बागकामात टाकलं. चुकून नव्हे. मागच्या पानावरचा तुझा फोटो पाहून मी जळले, खोटं कशाला सांगू? दोघींत हुशार थोरलीच, असं बाबा सगळ्यांना सांगत. प्राध्यापक मात्र तू झालीस. चार महिने ते गुलाबाच्या कलमांशेजारी पडून होतं. कुणी मागितलं की मी म्हणायचे, बाहेर गेलंय.

शेवटी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हाती ते लागलं. आठवड्याने परत करताना म्हणाला, "बाई, यात रोपं नाहीत, पण लिहिणारी समजावते छान. दोन नि दोन चार व्हावेच लागतात. सुटलेला दगड पडावाच लागतो, पण ते निराळं. जगाचे नियमच वेगळे असते, तर पडला नसता. आणि काही गोष्टींत कसलंच 'लागतं' नसतं, आपणच म्हणत बसतो."

मग मी ते घरी नेलं, हातात लाल पेन्सिल घेऊन. चुका शोधायला, दुसरं काय? छपाईची एक सापडली, तर संध्याकाळभर खूश होते. पण लिहिलंयस असं, की पेन्सिल बाजूला राहिली. दुसऱ्या दिवशी पुस्तक त्याच्या कपाटात लावलं.

अर्पणपत्रिका मात्र खटकली: 'माझ्यासाठी घरी राहावं लागलेल्या ताईस.' आता पुस्तकाला मिळालेल्या बक्षिसाच्या समारंभात मला व्यासपीठावर बसवून हेच सगळ्यांना सांगणार म्हणतेस. त्याआधी ऐक. आई आजारी पडली त्या वर्षी मलाही शहरातल्या कॉलेजातून प्रवेशाचं पत्र आलं होतं. आईचं करायला आत्या येऊन राहिली होती. "जा गं, मी आहे ना," म्हणाली. बाबांनी बॅग काढून ठेवली होती. मला राहावं लागलं नव्हतं. तिथे माझ्याहून हुशार मुली असतील, या भीतीने मी राहिले. बाबांना शपथ घालून गप्प केलं, आणि तू पास होत गेलीस तसतसं 'मला राहावंच लागलं' हे तुला जास्तच ऐकवत गेले. तू माझं काही घेतलं नाहीस. पुढच्या आवृत्तीत ती ओळ काढ. समारंभाला येईन, पण खाली बसेन. थोडी जळेन, आणि टाळ्याही वाजवीन.

तुझीच,
ताई