मध्यंतरानंतर बाविसाव्या मिनिटाला

चिमणे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी दुकानात जातोय.

काल दुपारीच दुकान बंद करून तो प्रेमाचा विनोदी सिनेमा मी एकटाच पाहून आलो. चिडू नकोस. रविवारी जाऊ या का विचारलं, तर मोबाइलमधून मान वर न करता तू म्हणालीस, "बाबा, समीक्षकांनी दोनच तारे दिलेत. शिवाय घरच्यांबरोबर बघण्यासारखा नाहीये." म्हटलं, आपणच खात्री करून यावी.

समीक्षकांचं काही मनावर घेऊ नकोस. मी इतक्या मोठ्यानं हसलो की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. आणि घरच्यांचं म्हणशील, तर अवघड जागा एकच आहे. मध्यंतरानंतर बाविसाव्या मिनिटाला सुरू होते आणि साडेतीन मिनिटं चालते. घड्याळजीचा हिशेब आहे, सेकंदाचा फरक पडायचा नाही.

तू लहान असताना पडद्यावर असं काही आलं की आई मला कोपरानं ढोसायची आणि मी तुला पाणी प्यायला बाहेर न्यायचो. तुला तहान कधीच नसायची, तरी निमूट यायचीस. आता मी जाईन बाहेर. कडेची खुर्ची माझी, म्हणजे उठताना कुणाला त्रास नको.

तिकिटं अजून काढली नाहीत. यायचं नसेल तर उलट चिठ्ठी लिहून ठेवू नकोस, तोंडानं सांग. तेवढंच बोलणं होईल.

बाबा