तीन रेघांची चिठ्ठी

मी, खाली सही करणारा, सरकारी दवाखान्याचा निवृत्त कंपाउंडर, वय बहात्तर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शुद्धीचा दाखला जोडलेला नाही. शेजारच्या खासगी रुग्णालयाचे मोठे डॉक्टर त्यासाठी आधी डोक्याचा स्कॅन काढायला सांगतात.

१. राहते तीन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. ती सरकारी दवाखान्यातच परिचारिका आहे. डॉक्टरांना ही जागा गाड्या लावायला हवी आहे. त्यांना एक वीटही देऊ नये. मुलीचा हक्क कोणत्याही कारणाने गेला, तर घर तिच्या मामाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला जावे. तशी वेळ येणार नाही. ती भाड्याच्या एका खोलीत राहते, आणि अशी बाई घरावर लाथ मारत नाही.

२. मेहुणा मला अजून देवमाणूस म्हणतो, म्हणून हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. खासगीत पाठवायच्या रोग्याला मी चिठ्ठी देत असे आणि कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा मारत असे. एक रेघ म्हणजे फाटका माणूस, गोळ्या देऊन वाटेला लावा. दोन म्हणजे तपासण्या झेपतील. तीन म्हणजे जमीन आहे, विकेल. मेहुण्याला मी तीन मारल्या. त्याचे ठणठणीत अपेंडिक्स कापून काढले गेले. त्याला लागणारे औषध आमच्याच कपाटात पडून होते, पण किल्ली माझ्याकडे होती आणि मी साठा संपला म्हणून सांगितले.

३. बँकेतली ठेव ही या रेघांची कमाई. ती दवाखान्याच्या औषधांसाठी द्यावी. कपाटाची किल्ली मात्र कंपाउंडरकडे ठेवू नये.

४. आता बायकोबद्दल. यातले मुलीला काहीच ठाऊक नाही. तिच्या आईचे पोट दुखायचे. आठवडाभराच्या गोळ्यांचे दुखणे. पण तीन रेघांच्या रोग्याला खिडकीजवळची खाट मिळे आणि मोठे डॉक्टर जातीने बघत. माझी बायको एका रेघेवर आत जाणार, हे मला कमीपणाचे वाटले. मी तीन मारल्या. मोठे डॉक्टर नेमके परगावी होते. ती कोण हे ठाऊक नसलेल्या, त्यांच्या हाताखालच्या नव्या डॉक्टरने चिठ्ठी पाहिली आणि गर्भाची पिशवी काढून टाकली. नवव्या दिवशी ती गेली. ती माझी बायको हे कळल्यावर बिल निम्मे झाले, आणि माझा वाटा नेहमीसारखा पाकिटातून घरपोच आला. तो मी बँकेत भरला. मला माझी किळस येते. तरी निवृत्तीपर्यंत मी रेघा मारतच होतो.

५. खल, तराजू आणि मापाचा पेला ज्याला हवा त्याने न्यावा. हल्ली औषध कुणी घोटत नाही.

वरील मजकूर पुरा झाल्यावर मुलीने तो वाचायला मागितला. दोनदा वाचला. समोरच्या शिंप्याची साक्षीदार म्हणून सही झाली होती, दुसरा साक्षीदार यायचा होता. तिने पेन उचलले. कागद तपासायला आलेल्या वकिलांनी तिला थांबवले.

"ताई, ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हक्क जातो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कुठे करू सही?"

नवा कागद करता येईल, असे वकील म्हणतात. मी नको म्हटले.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ७ मार्च

लिहून देणार : निवृत्त कंपाउंडर (सही)
साक्षीदार पहिला : समोरचा शिंपी (सही)
साक्षीदार दुसरी, तिच्याच अक्षरात : माझ्या आईची मुलगी (सही)