जास्तीचं तेल

बाबा,

काल तपासणीत तुमच्या स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीचा बार उडाला नाही, तो दोष माझा. शनिवारी साफ करताना मी घोड्यापाशी भसाभस तेल ओतलं आणि पुसलंच नाही. ते साचून चिकट झालं. तुम्ही साहेबांना "माझाच हलगर्जीपणा" म्हणालात आणि पहारेकऱ्याची नोकरी घालवून घरी आलात. तरी मी मूग गिळून बसले.

आज सगळं कोरडं पुसून थेंबभरच तेल लावलंय. बंदूक रिकामीच कपाटात आहे. जेवून घ्या, माझ्यावर रागावला असलात तरी.

मी साहेबांकडे खरं सांगायला चाललेय. बंदूक तू का साफ करतेस, असं विचारलं तर हौस म्हणेन. तुमचे हात थरथरतात, हे माझ्या तोंडून निघणार नाही.

— धाकटी