कॅलेंडरवरचे पिवळे तारे

१ जुलै
लोर्नाला जाऊन अडीच महिने झाले. आमच्या ग्रेटाला शाळेत न घालता घरीच तीच शिकवायची. आता मी घेणार. पेनसिल्व्हेनियाचा कायदा घरी शिकवण्याचे वर्षाला एकशे ऐंशी दिवस मागतो. आम्ही सुट्टीच घेणार नाही. बारमाही शिक्षण. शाळा झाली की कॅलेंडरवर पिवळा तारा, लोर्ना चिकटवायची तसाच.

९ जुलै
अपूर्णांक उद्यापासून. आज ग्रेटाने एकटीने पीचचा जॅम केला. रसायनशास्त्र. तारा.

२० सप्टेंबर
लोर्नाची बहीण व्हर्ना आली होती. शाळेची बस कोपऱ्यावरच थांबते, हे तीनदा सांगून झालं. मी म्हटलं, बारमाही शिकणाऱ्यांना घाई नसते.
"बारमाही नदी असते, ऑरिन. तिला पाणी असतं."
व्हर्नाला शिक्षणातलं कळत नाही.

१ डिसेंबर
हरणांच्या शिकारीसाठी गावातल्या शाळा बंद. आमची चालू. शेजारी हरीण सोलत होते, ग्रेटा कुंपणावरून बघत होती. जीवशास्त्र. तारा.

११ फेब्रुवारी, दुपार
जरा डोळा लागला. उठलो तर अंगावर गोधडी, शेजारी सूप. गृहशास्त्र. अपूर्णांक मार्चमध्ये नक्की.

१६ एप्रिल
वर्ष झालं. उठलो नाही. तारा ग्रेटाने लावला.

१८ जून
वर्षाचं काम तपासून सही करणाऱ्या मिसेस कॉब आल्या. कॅलेंडर दाखवलं. एवढे तारे त्यांनी कुठेच पाहिले नव्हते. मग ग्रेटाला विचारलं, वर्षभरात काय शिकलीस?
तिने विचार केला. "बाबाला जेवायला कसं लावायचं ते."
आणि अपूर्णांक?
"येतात. आई होती तिथपर्यंत."
मिसेस कॉबनी पेनाला टोपण लावलं. सही केली नाही. माझ्याशी मात्र फार मऊ बोलल्या, ते जास्त लागलं.

२६ ऑगस्ट
ग्रेटा शाळेच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "सँडविच फ्रिजमध्ये आहे. मी यायच्या आत खाऊन घे, बाबा."
हो म्हटलं.
दुपारी सवयीने कॅलेंडरपाशी गेलो. आजच्या चौकोनात तारा आधीच होता. खाली तिचं अक्षर: बाबा जेवला.
सँडविच तसंच आहे. उद्यापासून नक्की.