हलक्या तोफेचे अकरा किलो

तीर्थस्वरूप दादास,

उभ्याउभ्याने साष्टांग नमस्कार. (उभ्याने साष्टांग कसा घालतात ते विचारू नकोस. सकाळपासून खुर्चीत सलग पाच मिनिटे बसवलेले नाही, म्हणून नकाशे काढायच्या उंच फळीवर कागद ठेवून, या पायावरचा भार त्या पायावर टाकत लिहितो आहे. अक्षर तिरके वाटले तर फळी तिरकी आहे असे समज.) तुझी पाठ कशी आहे? कानातली शिट्टी थांबली, की अजून वाजते? वहिनीने दिलेले थेंब कानात घालतोस, की नुसती बाटली खिशात घेऊन हिंडतोस? इकडे आम्ही सगळे मजेत. सासूबाईंना थोडा मार लागला आहे, पण ते पुढे येईलच. तुमच्या चाचणीच्या मैदानावर मोबाईल फाटकावरच काढून घेतात, म्हणून हा पत्राचा खटाटोप. आमच्या कचेरीची गाडी संध्याकाळी सामान घेऊन तिकडे निघते, तिच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. माणूस विश्वासू आहे (पत्र उघडून वाचतो, पण पोचवतो).

तुझे पत्र परवा मिळाले. माझ्या धाकट्या भावाने केलेली तोफ आधी मीच उडवणार, असे म्हणून तू दुसऱ्या तोफचीशी पाळी बदलून घेतलीस आणि गुरुवारच्या चाचणीला तोफेच्या गाडीत तू बसणार आहेस, हे वाचून ऊर भरून आला. तुझ्या भावजयीला मोठ्याने वाचून दाखवले. मग मी ते एकट्याने दुसऱ्यांदा वाचले, आणि तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे. घरात या खोलीतून त्या खोलीत, कचेरीत फळीपासून खिडकीपर्यंत. काल तर जिना चढून वर गेलो आणि कशाला आलो ते न आठवल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या माणसांना नमस्कार करून खाली आलो.

तोफ कशी उडवतात ते तुला ठाऊक आहे. हलकी कशी करतात ते ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वी आम्हालाही नव्हते. गाडी हलकी हवी, म्हणजे ती चिखलात रुतत नाही आणि लहान पुलांवरून जाते. तोफ मात्र जड गाडीवरच्या तोफेइतकीच जबरदस्त हवी. आता जड तोफ उडवताना शांत असते. तिला हलकी करा, की ती लाथा मारायला लागते. लाथा सोसायला जाड लोखंड लावा, की ती पुन्हा जड. या चक्रात आम्ही नऊ माणसे दोन वर्षे गरगरतो आहोत. मोठ्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत फळ्यावर ‘९०० किलो’ असे लिहिले, त्याभोवती चौकट काढली आणि खाली ‘पुसू नये’ असे बजावले. झाडणाऱ्या बाईंनी ते आजतागायत पुसलेले नाही. त्यामुळे दुसरे काही लिहायचे झाले की आम्ही भिंतीवर कागद चिकटवतो.

या नऊ माणसांची एक गंमत तुला सांगायलाच हवी (माझा विषय भरकटतो आहे हे मला कळते, भरकटू दे). वजन कमी करा असा हुकूम निघणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होते. म्हणून प्रत्येकाने आपापल्या भागाच्या वजनात चार-दोन किलो आधीच लपवून ठेवले होते. साहेब बैठकीत ओरडले की एकेक जण घाम पुसत उभा राही आणि दोन रात्री जागून दीड किलो वाचवला असे जाहीर करी. टाळ्या पडत. नळीवाल्याने असे सहा वेळा केले. गोळा आत घालायचे मागचे दार करणाऱ्याकडचा साठा संपतच नव्हता. मला तर वाटू लागले होते की त्याचे दार मुळात कागदावरच आहे. सगळ्यांचे संपले तेव्हा आम्ही रंगाचा एक हात कमी केला आणि तीन किलो वाचवले (रंगारी आमच्याशी अजून बोलत नाही). तरी काटा नऊशे सातवर अडला. आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले.

माझ्याकडे पाळणा. म्हणजे नळी ज्याच्यात मागेपुढे सरकते तो लोखंडी पाळणा, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन जाड खुंट. सगळी तोफ त्या दोन खुंटांवर गाडीत टांगलेली असते. मी मूर्खासारखे पहिल्या दिवसापासून खरे वजन सांगत आलो होतो. लपवलेले काही नव्हते, त्यामुळे वाचवायलाही काही नव्हते. पण एवढ्या माना वळल्या की माणसाला काहीतरी सुचतेच. मी म्हणालो, खुंट आतून पोकळ करू. साडेपाच आणि साडेपाच, अकरा किलो. काटा आठशे शहाण्णववर आला, साहेबांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली (त्यांच्या खिशातला ताणकाटा माझ्या बरगडीत घुसला, तो ते झोपतानाही काढत नाहीत असे म्हणतात), आणि वरच्या लोकांना त्याच दुपारी कळवून टाकले.

त्या मिठीने माझे डोके फिरले. घरी येऊन बघतो तर जिकडेतिकडे फुकटचे वजन! दारांच्या कड्या, झाऱ्यांचे दांडे, कपाटाचे पाय. मी ड्रिल काढले. तुझ्या भावजयीने पहिले तीन दिवस कौतुकाने पाहिले, चौथ्या दिवशी तिने पोळपाट माहेरी नेऊन ठेवला. जेवणाच्या खुर्च्यांचे पाय मी आतून पोकळ केले, आणि ते हिशेबाशिवाय नाही. सासूबाईंचे वजन आदबीने विचारून घेतले (तेव्हापासून त्या तोंड वाकडे करून होत्या), त्याला चाराने भागले, लाकडाची ताकद पाहिली. हवी त्याच्या दीडपट निघाली. रविवारी दुपारी सासूबाई त्या खुर्चीवर बसल्या आणि पुढच्या क्षणी जमिनीवर होत्या. मोडतोड खुर्चीचीच झाली, त्यांना फक्त कोपराला खरचटले. पण मी जवळ जाऊन, हिशेब बरोबर होता हो, असे म्हणालो, ते चुकलेच. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “जावईबापू, मी काय पीस आहे का, अलगद उतरायला? माणूस बसतो तेव्हा धपकन बसतो. ते धपकन तुमच्या वहीत कुठं लिहिलंय?”

दादा, ते धपकन माझ्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. खुर्चीच्याही नाही आणि तोफेच्याही नाही. हळूच ठेवलेले ओझे वेगळे आणि एकदम आदळलेले ओझे वेगळे, दुसरे जवळजवळ दुपटीने लागते, हे मी पहिल्या वर्षाला शिकलो आहे, दुसऱ्यांना शिकवलेही आहे. मग राहिले कसे? तर सोमवारी धावत जाऊन कागद काढले. नव्या खुंटांचा हिशेब मी जुन्या तोफेचा कागद समोर ठेवून केला होता. जुन्या तोफेचे खुंट इतके अवाढव्य, की त्यात धक्क्याचे गणित घातले काय आणि न घातले काय, काही बिघडत नव्हते. म्हणून कुणीतरी ते गाळले होते. मी आकडे बदलले, पोकळी धरली, आणि जे गाळले होते ते तसेच गाळलेले ठेवले.

आता तू म्हणशील, तपासनीस नाही का तुमच्याकडे? आहे ना. समोरच बसतात, अठरा वर्षे. त्यांना आम्ही बरोबरराव म्हणतो, कारण कागद हातात आला की ते आधी ‘बरोबर’ म्हणतात आणि मग चष्मा शोधतात. आमची पद्धत अशी आहे की मी ‘केले’ अशी सही करतो आणि ते ‘तपासले’ अशी. मी सही करताना मनात म्हणतो की चुकले असेल तर बरोबरराव धरतीलच. ते सही करताना म्हणतात की हा कधी चुकत नाही. अठरा वर्षांत एकाही कागदाकडे आम्ही दोघांनी एकाच वेळी नीट पाहिले असेल असे मला वाटत नाही. सोमवारी मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवून जरा बघता का म्हटले, तर माणूस दुखावला. “तुम्ही केलंय ना? मग आता काय बघायचं?”

तरी घाबरण्यासारखे काही नाही. लोखंड चांगल्यापैकी आहे, मी मूळ हिशेबात थोडी जास्तीची ताकद धरली होती, शिवाय मागच्या महिन्यात लांबून दोरी ओढून तीन गोळे उडवले तेव्हा खुंटांना काही झाले नाही. (ते अर्ध्या दारूचे होते. पूर्ण दारूचे गोळेही आधी माणसांशिवाय उडवायचे ठरले होते, पण गुरुवारी पाहुणे येणार आणि रिकामी गाडी पाहुण्यांना काय दाखवायची, असे निघाले.) तेव्हा तू निर्धास्त राहा. कानात थेंब घाल. वहिनीला नमस्कार, मुलांना गोड पापे.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. गुरुवारी तू त्या गाडीत बसू नकोस. एवढ्यासाठीच हे सगळे लिहिले, आणि तेच वर लिहिता आले नाही. दाढ सुजली सांग, पाठ धरली सांग, काहीही सांग, पण पाळी परत त्या दुसऱ्या तोफचीला दे. का ते विचारू नकोस, आणि मी सांगितले असे कुणाला सांगू नकोस. साहेबांनी वजन वर कळवले आहे, आता मी तोंड उघडले तर दोन वर्षांची माती होईल आणि बाकीची आठ माणसे मला जन्मभर नावे ठेवतील.

ता. क. २. मधे दोन तास गेले. पाकीट बंद करून फाटकापर्यंत गेलो होतो. ड्रायव्हरने सहज विचारले, कुणाला पत्र? म्हटले, थोरल्या भावाला. तो म्हणाला, माझाही तिकडेच आहे, पाठचा, गोळे भरायला असतो. तो दुसरा तोफची कुणाचा कोण आहे हे मला माहीत नाही, दादा. पण आत तिघे बसतात आणि मी एकालाच खाली उतरवायला निघालो होतो. माझी मलाच इतकी लाज वाटली, की पाकीट घेऊन तसाच मोठ्या साहेबांकडे गेलो. तोंडाने सांगता येईना, म्हणून पत्रच त्यांच्यापुढे ठेवले. लपवलेल्या किलोंचा भाग आला तेव्हा ते लाल झाले, सासूबाईंपाशी हसले, आणि पहिला ताजा कलम त्यांनी दोनदा वाचला. मग त्यांनी मैदानावरच्या कचेरीत फोन केला. गुरुवारचे रद्द. पाहुण्यांना काय सांगायचे ते साहेब बघतील. तेव्हा दाढ, पाठ काही सुजवू नकोस. फळ्यावरचा आकडा त्यांनी स्वतः बाहीने पुसला. मला वाटले होते आठ माणसे मला खातील, पण नळीवाल्याने येऊन पाठीवर थाप मारली आणि त्याच्याकडे अजून दोन किलो लपवलेले आहेत असे कानात सांगितले.

ता. क. ३. गाडी सुटते आहे, घाईत लिहितो. साहेबांनी एक अट घातली. नवे खुंट झाले, दोरीने पूर्ण दारूचे गोळे उडवून झाले, की माणसांसह पहिला गोळा उडेल तेव्हा आत तुझ्या शेजारी मी बसायचे. मी लगेच हो म्हणालो आणि जागेवर येऊन खुंटांचा हिशेब पुन्हा मांडला. अटीच्या आधी केलेल्या हिशेबात तुझ्यासाठी मी अकरा किलो परत घातले होते आणि ते पुरेसे आहेत असे माझे ठाम मत होते. आता चौदा घातले आहेत. क्षमा कर.